ऑनलाइन बैठक कोणाच्या सोयीची? कोल्हापूरच्या उद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्मॅक, गोशिमा, मॅक आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन



वीजदर, रस्ते, सांडपाणी, कामगार अशा विषयांवरची निवेदनं आपल्याकडे येतच असतात. त्या मानानं या पत्राचा विषय किरकोळ वाटेल. आपल्या फौंड्र्या आणि मशीनशॉप ऑनलाइन बैठका कोणत्या व्यवस्थेवर घेतात, ती व्यवस्था कोण निवडतं आणि कशाच्या आधारावर, एवढाच प्रश्न आहे. पण तो आता किरकोळ राहिलेला नाही. पुण्याचा, चेन्नईचा किंवा जर्मनीचा ग्राहक रिजेक्शनची चर्चा, दरवाढीची बोलणी आणि नव्या पार्टचा आढावा स्क्रीनवरच उरकतो. पूर्वी त्यासाठी पहाटेची गाडी काढून पुणे गाठावं लागायचं. प्रवास वाचला, हे बरंच झालं. मात्र टेबलापलीकडे बसून जो माणूस आपली बाजू ठामपणे मांडायचा, तोच स्क्रीनवर आवाज तुटतोय म्हणून गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ पलीकडे ‘मान्य आहे’ असा लावला जातो आणि डेबिट नोट त्याप्रमाणे निघते.

माझं म्हणणं थोडक्यात असं : ऑनलाइन बैठकीची व्यवस्था निवडताना, त्या बैठकीत सर्वांत कमी साधनं ज्याच्या हाताशी आहेत त्याला ती झेपते का, हे आधी पाहावं. ही परीक्षा वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याला एकट्यानं घेता येत नाही. ती संघटनांनी घ्यावी.

आज निवड होते ती योगायोगानं. मालकाच्या पुतण्यानं लॉकडाऊनमध्ये जे ॲप मोबाइलवर टाकून दिलं, ते चालू राहिलं. त्या काळात जगभर हेच झालं. झूमवरच्या बैठकांमधले रोजचे सहभागी डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होते. मार्च २०२० मध्ये ते २० कोटींवर गेले. इतक्या घाईत कोणी तुलना करत बसत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानं झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली आणि सरकारी अधिकाऱ्यांनी शासकीय कामासाठी ते वापरू नये असं सांगितलं. पुढं नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, एन्क्रिप्शनबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या तक्रारीवरून, त्या कंपनीशी तडजोड करून तिला सुरक्षा सुधारायला लावली. दरम्यान कंपनीनं बऱ्याच त्रुटी दुरुस्त केल्या होत्या. आपल्याकडे ‘झूम वाईट’ आणि ‘झूमच चांगलं’ असे दोन तट मात्र अजूनही आहेत, आणि दोन्हीकडचे लोक २०२० मधल्या ऐकीव गोष्टींवर भांडतात.

पर्याय आज भरपूर आहेत. गुगल मीट आहे, मायक्रोसॉफ्ट टीम्स आहे, सिस्कोचं वेबेक्स आहे. चेन्नईच्या झोहोचं मीटिंग आहे, जिओमीट आहे. केंद्र सरकारनं २०२० मध्ये देशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसाठी स्पर्धा घेतली, ती केरळमधल्या आलप्पुळच्या टेकजेन्शिया कंपनीच्या व्हीकन्सोलनं जिंकली. आपल्या सर्व्हरवर स्वतः चालवायचं असेल तर जित्सी आणि बिगब्लूबटन ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. यातलं अमुकच घ्या असं सांगायला हे पत्र नाही. ब्रँड दर दोन वर्षांनी बदलतील. कसोट्या ठरलेल्या असाव्यात.

कसोट्या आधी ठरवायची ही रीत आपल्या कायद्यातच आहे. आपल्यातले बरेच कारखाने प्रायव्हेट लिमिटेड आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३(२) नुसार संचालकांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे बैठकीला हजर राहता येतं. कायदा कोणत्याही ॲपचं नाव घेत नाही. व्यवस्थेत संचालकाचा सहभाग ओळखता आणि नोंदवता आला पाहिजे, आणि कामकाज तारीख-वेळेसह मुद्रित (रेकॉर्ड) करून जपता आलं पाहिजे, एवढंच तो मागतो. नियमांनुसार सुरुवातीला हजेरी घेताना प्रत्येक संचालकानं आपलं नाव, आपण कुठून बोलतोय ते, कागदपत्रं मिळाली का आणि खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे सांगायचं असतं. मुद्रण निदान त्या वर्षाचं ऑडिट पुरं होईपर्यंत जपायचं असतं. जून २०२१ मध्ये नियम ४ वगळला गेल्यापासून वार्षिक हिशेबांच्या मंजुरीसारखे विषयही असे घेता येतात. म्हणजे भावाभावांच्या कंपनीतली व्हॉट्सॲप कॉलवरची ‘बोर्ड मीटिंग’ या कसोटीवर टिकत नाही, कारण तिचं मुद्रण होत नाही. दोन माणसांनी एक कास्टिंग बघायला तोच व्हॉट्सॲप कॉल मात्र पुरेसा आहे. बैठक कसली, त्यावर व्यवस्था ठरते.

आता आपल्या रोजच्या कामाच्या कसोट्या पाहू.

पहिली कसोटी प्रवेशाची. ज्याला बोलावलं आहे त्याला खातं न उघडता, काही डाउनलोड न करता, मोबाइलच्या ब्राउझरमधून आत येता आलं पाहिजे. वेबआरटीसी हे तंत्र जानेवारी २०२१ मध्ये अधिकृत मानक झालं आणि आज बहुतेक ब्राउझरमध्ये ते असतं, त्यामुळे ही अपेक्षा अवाजवी नाही. तरी काही कंपन्यांच्या आयटी विभागानं पाहुण्यांचा प्रवेश बंद करून ठेवलेला असतो आणि आपला क्वालिटी इन्स्पेक्टर लॉबीत ताटकळत राहतो. आपण यजमान असलो तर आपल्या पॅटर्नमेकरची आणि हीट ट्रीटमेंटवाल्याचीही तीच गत होते. पॅटर्नमेकरला लिंकवर बोट ठेवताच आत येता येत नसेल, तर ती व्यवस्था आपल्या कामाची नाही.

दुसरी कसोटी आवाजाची. चेहरा दिसला नाही तर बैठक चालते, आवाज गेला की संपते. विक्रेते मात्र चित्राचाच दर्जा दाखवतात. झूमच्याच माहितीनुसार गटबैठकीत ७२०पी दर्जाच्या चित्राला पाठवायच्या दिशेनं २.६ एमबीपीएस वेग लागतो. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात, आणि चेहऱ्यांशिवाय नुसती स्क्रीन दाखवायला त्याहूनही थोडे कमी. एका चित्राच्या वेगात तीस-चाळीस आवाज मावतात. म्हणून नेट अडखळू लागलं की चित्र सोडून आवाज धरून ठेवणारी व्यवस्था हवी. आवाज पोहोचायला लागणारा वेळही बघावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो वाढत गेला की दोघं एकदम बोलू लागतात, मग दोघं एकदम थांबतात, आणि शेवटी ज्याचा हुद्दा मोठा तो बोलत राहतो. इथं नुकसान कोणाचं होतं, हे सांगायला नको.

डेमो बघताना आपण सगळे एका चुकीच्या जागी बसतो : एसी केबिनमध्ये, फायबरच्या राउटरशेजारी. काम असतं पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा सिग्नल अडवतो, फर्नेसजवळ वाय-फाय पोहोचत नाही आणि मोबाइल डेटावरच निभवावं लागतं. शेडमधून, एका साध्या अँड्रॉइड फोनवरून, दुसऱ्या पाळीच्या गजबजाटात जी व्यवस्था चालेल तीच खरी चालली म्हणायची.

याच शेडमध्ये एक उलटी अडचण येते. सगळ्या व्यवस्थांमध्ये आता गोंगाट गाळण्याची सोय असते आणि ती आपल्याला फार उपयोगी आहे. शेकआउट चालू असतानाही माणसाचं बोलणं ऐकू येतं. पण तीच सोय कधी पुरावा पुसून टाकते. एसजी आयर्नच्या कास्टिंगवर हातोडीचा हलका ठोका मारला की चांगल्या मालाचा नाद स्वच्छ आणि लांबवर येतो. ग्रॅफाइटचे गोळे नीट तयार झाले नसतील तर आवाज बद्द येतो. मायक्रोस्कोपची सर त्याला नाही, पण जुन्या मिस्त्रीचा कान या चाचणीवर पक्का असतो. हा नाद ग्राहकाला ऐकवायला जावं तर सॉफ्टवेअर त्याला गोंगाट समजून गिळून टाकतं. बेअरिंगच्या घरघरीचंही तेच होतं. म्हणून गाळणी बंद करून मूळ आवाज पाठवायचं बटण आहे का, ते मोबाइलवर आहे का आणि ते कामगाराला सापडतं का, हे आपल्या परीक्षेत हवंच. शहरी कार्यालयांसाठी लिहिलेल्या कुठल्याही तुलनेत हा मुद्दा येणार नाही.

चित्राचंही थोडं तसंच आहे. केसाएवढी भेग किंवा टाचणीच्या डोक्याएवढं ब्लो होल हलत्या व्हिडिओत विरघळून जातं, कारण वेग वाचवायला सॉफ्टवेअर बारकावेच आधी काढतं. त्यावर उपाय सोपा आहे : बैठकीतच मूळ दर्जाचा स्थिर फोटो पाठवता यावा. ड्रॉइंग दाखवतानाही सॉफ्टवेअरला हालचालीपेक्षा स्पष्टतेला महत्त्व द्यायला सांगता आलं पाहिजे. व्हिडिओसाठीचा पर्याय चुकून निवडलेला असेल तर टॉलरन्सचे आकडे धुरकट होतात. त्यातही पाच इंची मोबाइलवर ए-झिरो ड्रॉइंग वाचायची अपेक्षा कोणी करू नये. ते आदल्या दिवशी पीडीएफनं यावं.

तिसरी कसोटी गोपनीयतेची. ग्राहकाचं ड्रॉइंग आपल्याकडे करारानं येतं. ते फुटलं तर जबाबदारी आपली. गृह मंत्रालयाच्या २०२० च्या त्याच सूचनेत खासगी वापरकर्त्यांसाठी दिलेली यादी आजही कुठल्याही ॲपला लागू पडते : प्रत्येक बैठकीला नवा आयडी आणि पासवर्ड, प्रतीक्षा कक्ष चालू, यजमानाआधी प्रवेश बंद, स्क्रीन दाखवण्याचा हक्क यजमानाकडे, सगळे आले की बैठकीला कुलूप. यातला एकही उपाय खर्चाचा नाही.

त्या यादीत तेव्हा नसलेली एक गोष्ट आता भरावी लागेल. बैठकीचे मुद्दे आपोआप लिहून काढणारे एआय मदतनीस हल्ली न बोलावता येतात. कोणीतरी आपल्या फोनवर असा मदतनीस जोडलेला असतो, सहभागींच्या यादीत एक अनोळखी नाव दिसतं, आणि आपला दर, आपली मिश्रधातूची टक्केवारी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या अटींमधल्या एका कलमावरून, आपलं बोलणं एआय शिकवायला वापरलं जाणार का, असा जगभर गदारोळ झाला आणि कंपनीला ते कलम बदलावं लागलं. अटी वाचणाऱ्यांमुळेच ते बदललं. आपल्या वसाहतीत त्या कोण वाचतं? हे काम संघटनेच्या वकिलाचं आहे. मुद्रण कुठं साठतं, किती दिवस राहतं, कोण उघडू शकतं, हे लेखी हवं. सहभागींना आधी सांगून मुद्रण सुरू करणं ही रीत तर आहेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, तेव्हा ती आता अंगवळणी पडलेली बरी.

इथं एक तडजोडही सांगितली पाहिजे. पूर्ण एन्क्रिप्शन, म्हणजे कंपनीलाही आतलं ऐकू येणार नाही अशी सोय, झूमवर ऑक्टोबर २०२० पासून आहे. पण ती चालू केली की क्लाउडवरचं मुद्रण आणि साध्या फोनवरून जोडणं बंद होतं. दोन्ही एकदम मिळत नाही. दराच्या बोलण्याला एक आणि संचालकांच्या बैठकीला दुसरं, असं ठरवून घ्यावं लागतं.

चौथी कसोटी पैशाची. पुष्कळांना वाटतं की जितकी माणसं तितके परवाने घ्यावे लागतील. बहुतेक ठिकाणी पैसे यजमानाचे लागतात, पाहुण्यांचे नाहीत. आठवड्याला दोन-तीन बैठका घेणाऱ्या कारखान्याला एकच परवाना पुरतो. मोफत आवृत्तीची मर्यादा आधी माहीत हवी : झूमवर ४० मिनिटं, गुगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटं. दरवाढीचा मुद्दा नेमका शेवटी येतो आणि चाळिसाव्या मिनिटाला बैठक कापली जाते. पुन्हा जोडेपर्यंत खरेदी अधिकारी दुसऱ्या बैठकीत गेलेला असतो. विकत घ्यायचं तर बिल रुपयांत आणि आपल्या जीएसटी क्रमांकावर मागावं, म्हणजे इनपुट क्रेडिट मिळतं. कार्डावरून आपोआप नूतनीकरण ठेवलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५ हजारांवरच्या वजावटीला दर वेळी मालकाचा ओटीपी लागतो. तो न दिल्यानं परवाना खंडित झाला, हे बैठकीच्या सकाळी कळू नये.

पाचवी कसोटी बाहेर पडण्याची. मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये साडेआठशे कोटी डॉलर देऊन घेतलेलं स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. एअरटेलनं २०२० मध्ये ज्याच्यासह भारतात सेवा आणली ते ब्लूजीन्स व्हेरायझननं गुंडाळलं. मोठं नाव म्हणजे कायमचा आधार, असं समजण्यात अर्थ नाही. मुद्रणं आणि हजेरीच्या नोंदी साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात का, हे पहिल्या दिवशी विचारावं. दरवर्षी आपले पॅटर्न आपण मोजून ठेवतो, तसं या नोंदींचंही करावं.

निर्यातदारांसाठी एक छोटी सूचना. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच असतं. जर्मनीचं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेचं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. निमंत्रण कॅलेंडरमधून, दोन्ही ठिकाणच्या वेळेसह गेलं तर घोटाळा होत नाही. ‘संध्याकाळी साडेसहाला भेटू’ असा मेसेज वर्षातून दोनदा हमखास फसतो.

आता मागण्या. त्या चार आहेत आणि त्यांतली एकही कोट्यवधींची नाही.

एक, चारही संघटनांनी मिळून वर्षातून एकदा सर्व प्रमुख व्यवस्थांची परीक्षा घ्यावी. ती हॉटेलच्या सभागृहात नको. एखाद्या चालू फौंड्रीच्या शेडमध्ये, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर, मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात मिसळणाऱ्या आपल्या बोलीत घ्यावी. आपोआप लिहून निघणारा मजकूर या बोलीचं काय करतो, तेही त्यातच दिसेल. निकाल मराठीत, एका पानावर, सर्व सभासदांना द्यावा.

दोन, परवाने एकत्र घ्यावेत. दहा-बारा कारखान्यांची गरज एकत्र केली तर विक्रेता दरावर बोलायला बसतो आणि मदतीसाठी स्थानिक माणूसही देतो. एकट्या कारखान्याला यातलं काही मिळत नाही.

तीन, प्रत्येक वसाहतीत एक बैठक कक्ष करावा. आवाज न घुमणारी खोली, चांगला माइक, जवळून बारीक दाखवू शकणारा कॅमेरा, राउटरला यूपीएस, पर्यायी मोबाइल जोडणी. ज्याच्याकडे केबिन नाही असा जॉबवर्कवाला तास भाड्यानं घेईल. चारचौघांत दराची बोलणी करायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

चार, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. मोठ्या ग्राहक कंपन्यांच्या खरेदी विभागांशी संघटनेच्या पातळीवर बोलणी करावीत. व्यवस्था त्यांची त्यांनी खुशाल वापरावी. मात्र ब्राउझरमधून पाहुण्यांना प्रवेश असावा, ड्रॉइंग आदल्या दिवशी मिळावं, एआय मदतनीस लावला असेल तर तसं आधी सांगावं, आणि जोडणी तुटलेल्या पुरवठादाराचं मौन ही त्याची संमती धरली जाऊ नये. बैठकीचं इतिवृत्त त्याच्याकडे दुरुस्तीला यावं आणि मगच डेबिट नोट निघावी. एकेकट्यानं हे मागितलं तर ग्राहक दुसरा पुरवठादार शोधतो. संघटनेनं मागितलं तर त्याला ऐकावं लागतं, आणि संघटना असतात त्या याचसाठी.

या चार मागण्या आपल्या पुढच्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, ही विनंती. ती बैठक ऑनलाइन घ्यायची ठरली, तर एका सभासदाला मुद्दाम त्याच्या शेडमधून, त्याच्याच फोनवरून जोडून घ्या आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या.

कळावे,
आपला,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक